रकान्यापलीकडचा धर्म

शाळेच्या जनरल रजिस्टरात धर्म आणि जात यांसाठी एक रकाना असतो. जून महिन्यात नवी मुले दाखल होऊ लागली की तो भरावयाचे काम माझ्याकडे येते. बाप सांगतो, मी लिहिते, आणि एका जिवाचा धर्म जन्मभरासाठी ठरून जातो. पुढे शाळा सोडल्याच्या दाखल्यावर तोच उतरतो, नोकरीच्या अर्जावरही तोच. सहा वर्षांचे ते पोर त्या वेळी खिडकीतून बाहेर पाहत असते. आपल्याविषयी काय लिहिले गेले याचा त्याला पत्ताही नसतो.

मोठेपणीही आपणा पुष्कळांची स्थिती त्या पोरापेक्षा फारशी निराळी नसते, असे मला कधी कधी वाटते. मी हिंदू, मी मुसलमान, मी बौद्ध, मी ख्रिस्ती असे आपण मोठ्या आवाजात सांगतो, तेव्हा बहुधा रजिस्टरच वाचून दाखवीत असतो. सण आला की नवे कपडे, कोणी विचारले की ठरलेले उत्तर, आणि कोणी डिवचले की तयार राग. एवढ्या शिदोरीवर माणूस सत्तर वर्षे सुखाने काढू शकतो. मग ज्याला श्रद्धा म्हणावयाचे ती वस्तू राहते तरी कोठे? माणसाच्या तोंडात की हातात?

दिवाळीच्या फराळाबरोबर हा प्रश्न ताटात वाढणे जरा जड वाटेल. पण चकली-कडबोळ्यांत तोंड रमले असताना मन थोडे मोकळे असते, आणि असल्या प्रश्नांना मोकळे मनच लागते.

माझ्या घरी देव्हारा आहे आणि त्यापुढे रोज मीच दिवा लावते. तरीही या प्रश्नाचा विचार करू लागले की मला आठवतात ती गेल्या दीडशे वर्षांतली काही मराठी ख्रिस्ती माणसे. याचे कारण साधे आहे. आपणापैकी बहुतेकांचा रकाना बापाने भरलेला असतो. या माणसांनी तो स्वतःच्या हाताने खोडून पुन्हा लिहिला. त्यासाठी त्यांनी घर गमावले, आप्त गमावले, पंक्तीतले पान गमावले. गावाने त्यांना पोटासाठी बाटलेले म्हटले, आणि परदेशी मिशनऱ्यांतही त्यांच्याकडे पूर्ण बरोबरीच्या नात्याने पाहणारे थोडेच होते. ज्याने नुसत्या शब्दासाठी एवढी किंमत मोजली, त्याला तो शब्दच पुरेसा वाटला असता तर नवल नव्हते. परंतु यांतली जी मोठी माणसे होती, त्यांना तो पुरेसा वाटला नाही. हीच गोष्ट मला विचार करावयास लावते.

येशूने सांगितलेली एक छोटीशी गोष्ट आहे. एका माणसाला दोन मुलगे होते. बाप थोरल्याला म्हणाला, आज मळ्यात कामाला जा. तो म्हणाला, मी नाही जात. पण मागाहून त्याला वाईट वाटले आणि तो गेला. धाकट्याला सांगितले, तेव्हा तो नम्रपणे हो म्हणाला आणि गेलाच नाही. येशूने ऐकणाऱ्यांना विचारले, बापाचे ऐकले कोणी? वर्गात ही गोष्ट सांगून मी हाच प्रश्न विचारला आहे. मुले एकमुखाने बरोबर उत्तर देतात. अवघड जाते ते मोठ्यांना. कारण धाकट्याचे ते गोड 'हो' आपल्या सर्वांच्या चांगलेच ओळखीचे असते.

पंडिता रमाबाईंचे चरित्र या गोष्टीशेजारी ठेवून वाचावे. अनंतशास्त्री डोंगऱ्यांची ही मुलगी १८५८ साली जन्मली. वडिलांनी लोकनिंदा सोसून बायकोला संस्कृत शिकविले, आणि आईने मुलीला. तीर्थयात्रा करीत, पुराणे सांगत हे कुटुंब देशभर हिंडले. पुढे दुष्काळात अन्नावाचून वडील, आई आणि थोरली बहीण एकामागून एक गेली. उरलेल्या भाऊ-बहिणीने पायी हिंदुस्थान पालथा घातला. १८७८ साली कलकत्त्याच्या विद्वानांनी वीस वर्षांच्या या मुलीला 'पंडिता' आणि 'सरस्वती' म्हटले. भाऊ गेला, बंगालमधील बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी जातीबाहेर विवाह झाला, दोन वर्षांच्या आतच, १८८२ साली, तेही गेले. कडेवर तान्ही मनोरमा होती.

१८८३ साली त्या इंग्लंडला गेल्या आणि वाँटेज येथील जोगिणींच्या मठात राहिल्या. आपल्याकडे समज असा की मिशनऱ्यांनी वादात हरविले म्हणून बाई बाटल्या. शास्त्रार्थात हरणारी ही बाई नव्हेच. त्यांनी स्वतः जे लिहून ठेविले आहे ते निराळे आहे. त्या जोगिणी लंडनमधील फुलम येथे वाट चुकलेल्या, समाजाने टाकून दिलेल्या बायकांसाठी एक आश्रम चालवीत असत. तो पाहावयास रमाबाई गेल्या. अशा बायकांना धर्माच्या नावाने हाकलून देणारे लोक त्यांनी पुष्कळ पाहिले होते; त्यांना जवळ बसवून घेणारे प्रथमच पाहिले. तुम्ही हे का करता, असे त्यांनी विचारले, तेव्हा विहिरीवर पाणी भरावयास आलेल्या शोमरोनी बाईची आणि येशूची कथा त्यांना ऐकावयास मिळाली. म्हणजे ग्रंथ मागाहून आला; आधी दिसले ते कोणाचे तरी काम. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला.

येथे एखादी सामान्य कथा संपली असती. रकाना बदलला, नवे नाव लागले, आता सुखाने राहावे. पण बाई स्वस्थ बसणाऱ्या नव्हत्या. मठात राहूनही त्यांनी मांसाहार केला नाही. अंडे घातलेले पक्वान्नही त्या खात नसत. अमुक गोष्ट मानलीच पाहिजे असे वडीलधाऱ्या जोगिणींनी सांगितले, तर पटल्याखेरीज त्या मानीत नसत. एका पुरोहितवर्गाच्या हातून सुटून दुसऱ्याच्या हाती जाण्यासाठी त्या समुद्र ओलांडून आल्या नव्हत्या. आणि १९०७ सालच्या आपल्या आत्मनिवेदनात त्यांनी एक विलक्षण कबुली दिली आहे. बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी, १८९१च्या सुमारास, त्यांच्या ध्यानात आले की आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला आहे खरा, पण जो त्या धर्माचा प्राण, तो ख्रिस्त अजून सापडलेला नाही!

हे वाक्य प्रत्येक धर्माच्या माणसाने आपापल्या भाषेत एकदा म्हणून पाहावे. मला धर्म मिळाला आहे. देव मिळाला आहे काय? रमाबाईंना हे तेव्हा उमगले, जेव्हा त्यांच्याजवळ नाव होते, कीर्ती होती, अमेरिकेत जमविलेला पैसा होता आणि त्यावर उभारलेले विधवांसाठीचे शारदासदन होते. जगाच्या दृष्टीने काही कमी नव्हते. कमी आहे ते त्यांचे त्यांनाच दिसले.

शारदासदनाचा वाद येथे टाळून चालणार नाही. ११ मार्च १८८९ रोजी ते मुंबईत निघाले आणि पुढे पुण्यास आले. तेथे धर्माच्या बाबतीत कोणावर सक्ती नाही, असे अभिवचन होते. त्या भरवशावर सनातनी घरांतल्या बालविधवाही तेथे आल्या. रमाबाई आपल्या खोलीत प्रार्थना करीत आणि दार उघडे ठेवीत. काही मुली येऊन बसू लागल्या. पुण्यात गहजब झाला, 'केसरी'ने कोरडे ओढले, आणि १८९३ साली रानडे, भांडारकर यांच्यासारखी सुधारक माणसेही सल्लागार मंडळातून बाहेर पडली. अनेक पालकांनी आपल्या मुली काढून नेल्या.

कोणाचे बरोबर? मी आईही आहे आणि शिक्षिकाही. मला दोन्ही बाजू कळतात. ज्या बापाने शब्दावर विसंबून मुलगी पाठविली, त्याने जाब विचारावयाचा नाही तर कोणी? जी मुलगी अन्नवस्त्रासाठी आपल्या आधाराने राहते, तिच्यावर आपल्या उघड्या दाराचा भार पडतच असतो, हे रमाबाईंसारख्या बुद्धिमान बाईस ठाऊक नसेल असे नाही. उलटपक्षी, इतर सगळ्या मुलींना आपापली व्रतवैकल्ये करण्यास मोकळीक, मग एकट्या रमाबाईंनीच दार लावून चोरासारखी प्रार्थना करावी काय? माझे मत विचाराल तर असे आहे: श्रद्धा जगावयाची म्हटली की ती दिसणारच, दिसली की ती कोणावर तरी उमटणारच. म्हणून जो श्रद्धा जगतो त्याच्यावर दुप्पट जबाबदारी येते. आपल्या आधाराने राहणाऱ्याला 'नाही' म्हणता यावे, आणि 'नाही' म्हटल्यावरही त्याचे ताट जेथल्या तेथे राहावे, ही काळजी त्यानेच घेतली पाहिजे. या कसोटीला पुण्याचे सनातनी उतरले नाहीत आणि सगळे मिशनरीही उतरले नाहीत.

वादाचे उत्तर रमाबाईंनी वादाने दिले नाही. १८९६-९७ साली मध्य प्रांतात दुष्काळ पडला, तेव्हा त्या तिकडे गेल्या. आपले आईबाप कसे गेले ते त्या विसरल्या नव्हत्या. रस्त्याच्या कडेला पडलेल्या, दलालांच्या हाती जाऊ पाहणाऱ्या शेकडो मुली त्यांनी उचलून आणल्या. पुण्यात प्लेगचे दिवस होते; म्हणून दौंडच्या अलीकडे केडगावच्या माळरानावर, आधीच घेऊन ठेवलेल्या जमिनीत, त्यांना नेले. विहिरी खणल्या, झाडे लावली, माग बसविले, छापखाना काढला. तीच ही 'मुक्ती'. १९००च्या गुजरातेतील दुष्काळानंतर तेथे दीड हजारांहून अधिक जीव राहत होते. आंधळ्यांना बोटांनी वाचावयास शिकविले जाई. आणि तेथे एक 'कृपासदन' होते. फुलमला पाहिले होते तसल्या, कोणालाच नको असलेल्या बायकांसाठी. जे पाहून त्या ख्रिस्ती झाल्या, ते त्यांनी स्वतःच्या मातीत करून दाखविले, तेव्हा मध्ये पुष्कळ वर्षे गेली होती. बाप्तिस्म्याला काही मिनिटे लागतात. कृपासदनाला तेवढी वर्षे लागली.

आता दुसरे घर पाहू. १८९३ साली नारायण वामन टिळक हे नाशिककडचे कवी आगगाडीने राजनांदगावास चालले असता एका इंग्रज प्रवाशाने त्यांना नवा करार भेट दिला. डोंगरावरील प्रवचनाने त्यांना वेड लाविले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पत्नी लक्ष्मीबाई या सोवळ्याओवळ्याच्या घरातल्या. त्यांच्यावर आभाळ कोसळले. पाच वर्षे नवराबायको वेगळी राहिली.

पण लक्ष्मीबाईंची गोष्ट टिळकांपेक्षाही मला मोलाची वाटते. त्या शिकलेल्या नव्हत्या. लग्नानंतर कसेबसे लिहावयावाचावयास शिकल्या. त्यांना शास्त्रार्थ ठाऊक नव्हता, ग्रंथप्रामाण्य ठाऊक नव्हते. त्यांच्या मनात एक दिवस एवढेच आले की ही उच्चनीच जात देवाने केली की माणसाने? माणसानेच केली, असे उत्तर आतून आले. आणि ते आले त्या क्षणापासून त्यांनी ठरविले की यापुढे कोणाच्याही हातचे पाणी प्यावयाचे, कोणाच्याही हातचे अन्न खावयाचे. बाप्तिस्मा मागाहून झाला, १९०० साली. म्हणजे ज्या बाईने नवऱ्याच्या धर्मांतराला डोळ्यांतून पाणी काढीत 'नाही' म्हटले, ती मळ्यात जाऊन पोहोचलीदेखील, आणि मग तिने 'हो' म्हटले. गोष्टीतला थोरला मुलगा तो हाच! पुढे प्लेगच्या दिवसांत, स्वतःला भीती वाटत असतानाही, त्या रोग्यांच्या शुश्रूषेला उभ्या राहिल्या.

१९३४पासून त्यांची 'स्मृतिचित्रे' प्रसिद्ध होऊ लागली. माझे शिक्षण मॅट्रिकपुरते. कादंबऱ्या लिहावयाचे धैर्य मला कोठून आले असेल तर त्या पुस्तकातून. त्या पुस्तकात टिळक देवमाणूस म्हणून दिसतातच, परंतु त्यांचा तापटपणा, लहर आणि अव्यवहारही दिसतो. हाती आलेला पैसा कोणा गरजवंताला देऊन मोकळे व्हावे, आणि घरी चूल कशी पेटेल हा विचार बायकोवर सोडावा, ही त्यांची रीत. वाचताना आपण हसतो. मग जरा थांबून विचार येतो: नवऱ्याच्या श्रद्धेची किंमत महिनाअखेरीस कोण चुकवीत होते?

आपल्याकडच्या कोणत्याही संताच्या घरात हा प्रश्न विचारता येईल. श्रद्धा जगणे म्हणजे आपल्या ताटातले देणे. दुसऱ्याच्या ताटातले उचलून देणे हा दानशूरपणा स्वस्त असतो. लक्ष्मीबाईंनी नवऱ्याला हे तोंडावर सुनावले, भांडल्या, रुसल्या. आणि दारी आलेल्या पोरक्या मुलांना पुन्हा स्वतःच जेवूही घातले. त्या घरातली खरी साक्ष कोणाची, हे मी वाचकांवर सोपविते.

टिळकांच्या बाबतीत मात्र आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. अमेरिकन मराठी मिशनमध्ये ते मानाने काम करीत होते, 'ज्ञानोदया'त लिहीत होते, अभंग आणि कीर्तन यांच्या वाटेने ख्रिस्त मराठी घरांत नेत होते. असे असता १९१७ साली त्यांनी ती नोकरी सोडली आणि साताऱ्यास 'देवाचा दरबार' मांडला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही त्या दरबारात जागा होती. अट होती ती ख्रिस्ताच्या मागे चालण्याची. रमाबाई मठातल्या वडीलधाऱ्यांशी वाद घालतात, टिळक मिशन सोडतात, यात मला एक सूत्र दिसते. जो रकान्यापुरता धार्मिक असतो त्याचे भांडण नेहमी दुसऱ्या धर्माशी असते. जो धर्म जगू लागतो त्याचे पहिले भांडण आपल्याच घरात सुरू होते.

याच परंपरेतला एक माणूस आमच्या अगदी शेजारी होऊन गेला. वसई पूर्वी आमच्याच ठाणे जिल्ह्यात. २०१४ साली पालघर जिल्हा निराळा झाला. तेथील फादर फ्रान्सिस दिब्रिटो हे कॅथलिक धर्मगुरू. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस वसईच्या बागा, विहिरी आणि जमिनी बिल्डरांच्या घशात जाऊ लागल्या, तेव्हा हरित वसई संरक्षण समितीतून ते लोकांना घेऊन उभे राहिले. गुंडगिरीविरुद्ध ज्या काळात कोणी तोंड उघडीत नसे, त्या काळात ते बोलले. देवळात मेणबत्त्या लावून घरी जाणे त्यांना सोपे होते. बायबलचे मराठी रूप सिद्ध करणारा हा लेखक जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचा अध्यक्ष झाला, तेव्हा पाद्री अध्यक्ष कसा, म्हणून काही लोकांनी आक्षेप घेतला. आक्षेप घेणाऱ्यांनी रकाना वाचला होता. माणूस वाचला नव्हता. २५ जुलै २०२४ रोजी फादर गेले.

येथवर आल्यावर एखादा चाणाक्ष वाचक विचारील, बाई, एवढेच असेल तर धर्माचे नाव हवे कशाला? चांगले वागावे म्हणजे झाले. शारदासदनाची विद्यार्थिनी गोदूबाई हिच्याशी १८९३ साली पुनर्विवाह करणारे धोंडो केशव कर्वे पुढे १८९६ साली विधवांसाठी आश्रम काढतात; त्यांनी काही बाप्तिस्मा घेतला नव्हता. मग श्रद्धेची मातब्बरी ती काय?

प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर मला आमच्या गावच्या मागावर मिळाले. भिवंडीत राहणाऱ्याच्या कानात यंत्रमागाची खटखट दिवसरात्र असते. मागावर बीम चढविलेले असते. त्यावरचे उभे धागे म्हणजे ताणा. धोट्यातून इकडून तिकडे धावतो तो आडवा धागा, बाणा. नुसता ताणा ताणून ठेवला तर हजारो धागे एका दिशेने छान तणावलेले दिसतात. पण त्याने कोणाचे अंग झाकत नाही. आणि नुसता बाणा म्हणजे कांडीवरचे सूत. कितीही धावले तरी गुंता. श्रद्धा हा ताणा आहे. तो आधी, निमूटपणे, न तुटता ताणलेला असावा लागतो. रोजचे वागणे हा बाणा. आपले बहुतेक धार्मिक जीवन म्हणजे बीम चढवून बंद ठेवलेला माग आहे. कर्व्यांचाही ताणा होताच. त्याला त्यांनी दिलेले नाव निराळे होते, इतकेच. केडगावच्या माळावर भर दुष्काळात शेकडो आजारी मुली सांभाळताना रमाबाईंचा धागा तुटला नाही, तो कशामुळे, हे त्या स्वतः सांगून गेल्या आहेत. ते त्यांचे सांगणे खोटे म्हणण्याचा अधिकार मला नाही.

भिवंडीचे नाव निघाले की बाहेरच्या माणसाला दोन गोष्टी आठवतात. एक कापड आणि दुसरी दंगल. ७ मे १९७० रोजी शिवजयंतीच्या मिरवणुकीच्या दिवशी पेटलेली दंगल, जिची चौकशी न्यायमूर्ती मादन आयोगाने केली. आणि मे १९८४ची. दोन्ही वेळा ज्यांनी घरे जाळली त्यांचे रकाने भरलेले होते. धर्माचे नाव त्यांच्या तोंडी आमच्यापेक्षा मोठ्याने होते. पुढे १९८८ साली सुरेश खोपडे हे पोलीस उपायुक्त येथे आले. त्यांनी मोहल्ला कमिट्या केल्या. दोन्ही समाजांतली साधी माणसे, मागवाले, दुकानदार, रिक्षावाले, वारंवार एकत्र बसू लागली. गटार कोणाचे, नळ कोणाचा, भोंगा किती वाजता, असल्या क्षुल्लक तक्रारी तेथे निघत आणि मिटत. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबई जळत होती; पन्नास किलोमीटरांच्या आतली भिवंडी शांत राहिली. त्या बैठकांत प्रवचन झाले नाही. शेजाऱ्याचे तोंड ओळखीचे करून ठेवणे एवढेच झाले. धर्म जगण्याचा याहून साधा आरंभ मला ठाऊक नाही.

येशूच्या दुसऱ्या एका गोष्टीतही एक रस्ता आहे. यरीहोच्या वाटेवर लुटून, मारून टाकलेला माणूस पडला आहे, याजक बघतो आणि कडेने निघून जातो, लेवीही जातो, थांबतो तो ज्याला सगळे परका, बाटगा समजतात तो शोमरोनी. आमचा रस्ता म्हणजे मुंबई-नाशिक महामार्ग, जुन्या माणसांचा आग्रा रोड. २०२०च्या एप्रिल-मे महिन्यांत, टाळेबंदीत माग बंद पडले, तेव्हा उत्तर प्रदेश-बिहारचे कामगार डोक्यावर बोचकी आणि कडेवर मुले घेऊन त्याच रस्त्याने पायी निघाले. रोगाच्या भीतीने पुष्कळांनी दारे लावून घेतली. ती भीती खोटी नव्हती. तरीही ठिकठिकाणी कोणी पाण्याची पिंपे भरून ठेविली, कोणी खिचडीची पातेली चढविली, कोणी जुन्या चपलांचा ढीग आणून ओतला. घेणाऱ्याने देणाऱ्याचा धर्म विचारला नाही, देणाऱ्याने घेणाऱ्याचा. त्याच वर्षी २१ सप्टेंबरच्या पहाटे पटेल कंपाउंडमधली जिलानी इमारत कोसळली, तेव्हा बचावपथक येण्याआधी शेजाऱ्यांनीच नुसत्या हातांनी ढिगारा उपसावयास सुरुवात केली. अंधारात हाताला हात लागतो तेव्हा रजिस्टर दिसत नाही.

पण मदत करणे हे तुलनेने सोपे आहे. त्यात मनाला थोडा आनंदही असतो. खरी अवघड गोष्ट क्षमा. २२ जानेवारी १९९९च्या रात्री ओडिशातील मनोहरपूर येथे ग्रॅहम स्टेन्स या ऑस्ट्रेलियन मिशनऱ्याला आणि त्याच्या दोन लहान मुलांना जमावाने गाडीत जाळून मारले. त्याची पत्नी ग्लॅडिस हिने मारणाऱ्यांना क्षमा केल्याचे जाहीरपणे सांगितले. तेवढे सांगून ती मायदेशी परतली असती तरी कोणी बोल लाविला नसता. ती बारिपद्याला कुष्ठरोग्यांच्या आश्रमात पुढे काही वर्षे राहिली आणि त्यांच्या जखमा धूत राहिली. क्षमेचा शब्द एका क्षणात उच्चारता येतो. ज्या गावच्या वाऱ्यात आपल्या मुलांची राख मिसळली, त्याच मुलखात रोज सकाळी उठून कामाला लागणे, ही त्या शब्दाची सही. मी आई आहे. मला हे जमले असते असे मी म्हणणार नाही. परंतु असे कोणाला तरी जमते एवढे कळले, तरी माणसाविषयीची आपली कल्पना थोडी उंच होते.

म्हणून कोणाची श्रद्धा खरी आणि कोणाची खोटी, हे ठरविण्याच्या भानगडीत आपण पडू नये. रमाबाईंनी आपल्या श्रद्धेला नापास केले ते स्वतःच, दुसऱ्या कोणी नव्हे. हा गज आपल्यापुरताच वापरावयाचा आहे. शेजाऱ्याच्या अंगणात तो घेऊन गेलो की तोच गज काठी होतो, आणि आमच्या गावाने ती काठी दोनदा पाहिली आहे.

आपल्यापुरते पाहावयाचे झाले तर प्रश्न फार थोडे आहेत. माझ्या श्रद्धेने गेल्या दिवाळीपासून या दिवाळीपर्यंत माझे काय कमी झाले? जे कमी झाले ते माझ्याच ताटातले होते ना? ते ज्याला मिळाले, तो मला परत काही देऊ शकणारा होता काय? आणि शेवटचा: उद्या कोणी माझ्या घरची तसबीर, माळ, क्रूस, चंद्रकोर सारे उचलून नेले, नावाची पाटीही काढून टाकली, तर शेजारच्या खोलीतल्या बाईला नुसत्या माझ्या वागण्यावरून एवढे तरी सांगता येईल का, की हिचा कोणीतरी देव आहे?